जपानच्या फॉर्मात शुक्रीबाई

मी सी.ए. नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या दुकानाच्या पाटीवर नावापुढे बी.कॉम. लिहिलंय आणि ते मी रंगवणाऱ्याकडून दोन बोटं मोठं करून घेतलंय. तो म्हणाला, मॅडम, नावापेक्षा डिग्री मोठी दिसतेय. मी म्हटलं, दिसू दे. आमच्या पाड्यावर नाव सगळ्यांना असतं, डिग्री पहिली माझी.

डहाणू रोड स्टेशनवरून सरावलीकडे निघालं की झेरॉक्सवाला आणि मोबाइल दुरुस्तीवाला यांच्यामध्ये माझा गाळा आहे. बावीस वर्षं झाली. शिक्षक, रेल्वेवाले, चिकूचे व्यापारी, बोटींचे मालक, सगळ्यांचे रिटर्न मी भरते. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. फॉर्म सोळा आला, भरला, संपलं. पण गेली दहा-बारा वर्षं मी जे दुसरं काम करते त्यावर मला बोलायला लावलंत तर मी थांबत नाही, अशी घरच्यांची तक्रार आहे. ते काम म्हणजे परक्या देशाचा इन्कम टॅक्स समजून घेणं आणि आपल्या माणसाला समजावून सांगणं.

सुरुवात धाकटी डहाणू गावच्या एका खलाशामुळे झाली. तो मोठ्या जहाजावर जायचा. वर्षात किती दिवस देशाबाहेर होता हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मोजायला माझ्याकडे यायचा. एकदा म्हणाला, ताई, इकडचं झालं, आता तिकडचं पण बघा ना. तिकडचं म्हणजे त्याच्या कंपनीने कापलेला कर. मला काहीच माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली, म्हणून बघते म्हटलं. मग आठवडाभर त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवरची इंग्रजी पानं वाचली, डिक्शनरी मांडीवर घेऊन. आणि काय सांगू, मजा आली हो. परक्या घराचं स्वयंपाकघर बघितल्यासारखं वाटलं. चूल वेगळी, भांडी वेगळी, पण शिजतंय तेच.

तेव्हापासून एक गोष्ट कळली ती सांगते. कुठल्याही देशाचा टॅक्स घ्या, तो माणसाला मुळात तीनच प्रश्न विचारतो. तू राहतोस कुठे? पैसा कुठून येतो? आणि तुझ्या जिवावर कोण कोण जेवतं? बाकी सगळी पानं या तीन उत्तरांवरचा खुलासा असतो. मी तिकडचा फॉर्म भरत नाही, तो त्या देशातल्या माणसानेच भरायचा असतो. मी फक्त वाचते, सांगते आणि इकडचे कागद गोळा करून देते.

गिऱ्हाइकंही एकेक. वाणगावचे एक गृहस्थ दुबईहून परत आले आणि म्हणाले, माझा दुबईचा रिटर्न भरून द्या. मी म्हटलं, काका, तिथे पगारावर इन्कम टॅक्सच नाही. ते हसले. असा कुठला देश असतो का, म्हणाले. मी वेबसाइट दाखवली, तरी नाही. शेवटी, तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा, असं म्हणून उठले आणि पालघरला कुणाकडे तरी गेले. ते गृहस्थ अजून मला रस्त्यात भेटले की दयेने बघतात. इंग्लंडचं टॅक्सचं वर्ष सहा एप्रिलला सुरू होतं. एक नाही, सहा. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी कॉलेजातल्या आमच्या अकाउंट्सच्या सरांना फोन करून सांगितलं होतं. सर रिटायर झालेत, झोपेत होते, पण खूश झाले.

पण आज सांगायचंय ते जपानचं. म्हणजे रंजनाचं आणि तिच्या आईचं.

रंजना तलासरीच्या पूर्वेकडच्या, डोंगरालगतच्या पाड्यावरची. माझ्या माहेरच्या गावापासून दोन गावं पलीकडे. वडील ती लहान असताना गेले. आई, शुक्रीबाई, भात-नागली करून उरलेल्या दिवसांत चिकूच्या वाडीत मजुरीला जायची. रंजनाने बारावीनंतर नर्सिंगचा छोटा कोर्स केला, मग वर्षभर जपानी शिकली आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात कामाला लागली. म्हाताऱ्यांना उठवायचं, भरवायचं, आंघोळ घालायची. पाड्यावरून विमानात बसलेली ती पहिली. त्यामुळे माझं तिच्याशी आपोआपच जमलं. पहिल्यांना पहिल्यांची किंमत असते.

ती मला ओळखायला लागली ते एका जूनमध्ये. फोन आला, ताई, या महिन्यात पगार कमी आलाय, काहीतरी कापलंय, कुणी सांगत नाही. आमच्याकडे सकाळचे नऊ म्हणजे तिच्याकडे दुपारचे साडेबारा, तिच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ. तीच आमची वेळ ठरून गेली. मी दोन दिवस मागितले, वाचलं आणि सांगितलं. जपानात दोन कर असतात. एक देशाचा, तो दर महिन्याला पगारातून कापतात आणि डिसेंबरमध्ये तिची कंपनीच वर्षाचा हिशेब जुळवून देते. दुसरा शहराचा. तो गेल्या वर्षीच्या कमाईवर ठरतो आणि यंदाच्या जूनपासून कापतात. पहिल्या वर्षी गेल्या वर्षीची कमाईच नसते, म्हणून काही कापत नाहीत. मुलांना वाटतं, हा करच नाही. मग दुसऱ्या जूनमध्ये तो समोर येऊन उभा राहतो.

मग मी तिसरा प्रश्न विचारला. तुझ्या जिवावर घरी कोण आहे? आई, ती म्हणाली. मग डिसेंबरच्या फॉर्मात आईचं नाव का नाही, त्याने कर कमी होतो? तर नाव लिहिलं होतं, ऑफिसने काढून टाकलं. का, तर पैसे दादाच्या खात्यात जात होते.

हे आपल्याकडचं. पाड्यावर पैसा घरातल्या मोठ्या पुरुषाकडे जातो, मग तो सगळ्यांना बघतो. दिनेश, रंजनाचा मोठा भाऊ, आईला बघतच होता, त्यात खोट नाही. पण जपानचा नियम म्हणतो, जिला तू पोसतेस असं सांगतेस, तिच्याच नावावर पैसा गेलेला दिसू दे. आणि आई सत्तर वर्षांच्या आतली असेल तर वर्षाला निदान तीन लाख ऐंशी हजार येन. रंजना तेवढे पाठवत होती, फक्त नाव चुकीचं होतं. मी दिनेशला बोलावून समजावलं. त्याचं तोंड पडलं. ताई, म्हणजे तिचा माझ्यावर विश्वास नाही का, म्हणाला. मी म्हटलं, अरे तिचा आहे, जपानचा नाही. मग तो उठला आणि स्वतःच आईला घेऊन उधव्याच्या बँकेत खातं उघडायला गेला. चांगला मुलगा आहे तो.

त्या वर्षी मी शुक्रीबाईंचं आधार कार्ड, रंजनाचा जन्मदाखला, दोन्हींचं भाषांतर, बँकेचे कागद, सगळं पाठवलं. नावाचं स्पेलिंग तीनदा तपासलं. पत्ता तपासला. डिसेंबरमध्ये रंजनाचा फोन आला, ताई, आईला धरलं. पुढच्या वर्षीही धरलं. मी दुकानात पेढे वाटले. झेरॉक्सवाल्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, जपानने एक बाई मान्य केली. त्याला काही कळलं नाही, पण पेढा खाल्ला.

मग गेल्या ऑक्टोबरात, सकाळी नऊ वाजता, रंजनाचा फोन. रडत नव्हती, पण आवाज कोरडा होता. म्हणाली, "ताई, आमच्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या बाई आहेत, साइतो-सान, त्यांनी मला बोलावलं. टॅक्स ऑफिसचं पत्र आलंय. त्यांनी विचारलं, ही तुझी सावत्र आई आहे का? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला आणि विचारलं, मग तुझा जन्म झाला तेव्हा ही बारा वर्षांची होती का?"

मी आधार कार्डाची प्रत काढली आणि बघितली. शुक्रीबाई, जन्म एक जानेवारी, आणि सालाप्रमाणे वय एक्केचाळीस. रंजना एकोणतीसची. दिनेश चौतीसचा, म्हणजे त्याच्या वेळी ही सात वर्षांची.

मी हा कागद दोनदा पाठवला होता. दोन्ही वेळा बघितला होता. मला काहीच खटकलं नव्हतं.

का खटकलं नाही ते सांगते, कारण ही चूक माझ्यासारखीच करू शकते. आमच्या पाड्यांवर आधारचा कॅम्प लागला होता तेव्हा शाळेच्या वर्गात एक ऑपरेटर मशीन घेऊन बसला होता. बायका रांगेत. जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. जनरेटरचं डिझेल संपत आलेलं. त्याने पहिल्या बाईला अंदाजाने एक साल दिलं, आणि मागच्या सहा जणींनाही तेच दिलं. तारीख सगळ्यांची एक जानेवारी. शुक्रीबाई त्या सहांतल्या एक. तेव्हा त्यांचा स्वतःचा मुलगा बाजूला उभा राहून अंगठा कसा ठेवायचा ते दाखवत होता. आमच्या पाड्यावर एक जानेवारीला इतके वाढदिवस असतात की कुणी करायचे म्हटलं तर केक कमी पडतील. माझी स्वतःची तारीख एक जून, ती शाळेत गुरुजींनी दिली. माझ्या आईचीही आधारवर एक जानेवारीच होती. त्यामुळे तो आकडा माझ्या डोळ्यांना वय वाटतच नाही. तो नुसता रकाना भरल्याची खूण वाटतो.

जपानला तो वय वाटला. बरोबरच आहे त्यांचं.

नोव्हेंबरअखेरपर्यंत खुलासा द्यायचा होता. नाही दिला तर दोन्ही वर्षांतलं आईचं नाव काढणार, फरक दंडासकट भरायचा. पण रंजनाला पैशाचं पडलं नव्हतं. फेब्रुवारीत तिचा व्हिसा नवा व्हायचा होता आणि साइतो-सान म्हणाल्या होत्या, माहिती चुकीची ठरली तर तिथे तेही सांगावं लागेल. आणि त्याहून दुसरंच काहीतरी तिला लागलं होतं. ऑफिसात सगळे गप्प होते, म्हणाली. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. जी मुलगी रोज वीस म्हाताऱ्यांना भरवते, तिला तिची आई तिचीच आहे का असं विचारलं होतं. मी तिला सरळ सांगितलं, चूक माझी आहे, मी दुरुस्त करते. ती म्हणाली, कशी? ते मला माहीत नव्हतं.

दिनेश त्याच दुपारी तलासरीहून आला. त्याचा उपाय तयार होता. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करू, आईचं वय पंचावन्न लिहू, नोटरी करू. आपल्याकडे सगळं यानेच चालतं, रेशन कार्डापासून लग्नापर्यंत. मी नाही म्हटलं. तो वैतागला. म्हणाला, "ताई, कोण येतंय तिकडून बघायला?"

"त्यानेच तर झालंय हे सगळं," मी म्हटलं. "तेव्हाही कुणी बघायला येणार नव्हतं. आता एक खोटं झाकायला दुसरं पाठवू? मला खरी तारीख पाहिजे."

"खरी तारीख कुठून आणणार? आईला विचारा, तिलाच माहीत नाही."

ते खरं होतं. मी रविवारी पाड्यावर गेले. शुक्रीबाई अंगणात नागली पाखडत होत्या. आमचं सगळं बोलणं वारलीत झालं, इथे सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहिते. मी विचारलं, मावशी, तुझा जन्म कधीचा? त्या म्हणाल्या, खळ्यावरचा. म्हणजे? आई सांगायची, भात झोडत होते आणि पोटात कळ आली. बस, एवढंच. किती वर्षांपूर्वी? सोमी माझ्यापेक्षा चार-पाच पावसाळे मोठी. सोमी म्हणजे त्यांची थोरली बहीण, ती पलीकडे गुजरातेत दिलेली. पाठीवर एक भाऊ, मग एक बहीण झाली, ती लहानपणीच गेली. आणि मग त्यांनी मला विचारलं, त्या जपानच्या बायांना माझं वय कशाला पाहिजे? लग्न जमवायचंय का माझं?

मी हसले. उठता उठता मला जातपडताळणी आठवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पूर्वी गावात कुणी जन्मलं, मेलं की कोतवाल ते एका वहीत लिहायचा. त्या वह्या तहसील कचेरीत जमा आहेत, कोतवाल बुक म्हणतात त्यांना. आमच्यासारख्यांना कॉलेजला जायचं तर आजोबा-पणजोबांची जात त्या वहीतून काढून दाखवावी लागते. माझ्या वेळी माझे वडील त्या रेकॉर्ड रूमच्या दारात आठवडाभर बसले होते. म्हणजे ती वही जात शोधायला सगळे उघडतात. तिच्यात तारीखही असते, हे मात्र कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

शुक्रीबाईंचं माहेर डहाणू तालुक्यातलं, म्हणून अर्ज डहाणूला केला. रेकॉर्ड रूमचे वसंतभाऊ मला ओळखतात. त्यांनी गुरुवारी या म्हणून सांगितलं. गुरुवारी मी दिनेशला सांगून शुक्रीबाईंनाही बोलावून घेतलं, कारण वडिलांचं नाव, पाडा, भावंडं हे त्यांनाच विचारावं लागणार होतं. त्या नवं लुगडं नेसून आल्या होत्या आणि कचेरीत खुर्ची दिली तरी बसत नव्हत्या. वसंतभाऊंनी लाल फडक्यात बांधलेलं वह्यांचं गाठोडं सोडलं, गावाची वही काढली आणि एकेक पान हळूच उलटायला लागले. कागद इतका ठिसूळ की श्वासाने तुकडा पडेल. वडील लाडक्या रूपजी. माहेरचा पाडा. मी पानावर बोट न ठेवता वाचत होते.

आणि सापडलं. लाडक्या रूपजी, मुलगी. मी ओरडलेच. काही पानं पुढे जाऊन वसंतभाऊ म्हणाले, थांबा, हे बघा. परत लाडक्या रूपजी, मुलगी. मग एक मुलगा. आणि पुढच्या एका वर्षात पुन्हा, लाडक्या रूपजी, मुलगी. तीन मुली. मुलीचं नाव लिहायची पद्धतच नव्हती. नुसतं मुलगी.

वसंतभाऊंनी चष्मा काढला. "मॅडम, नक्कल मी आत्ता देतो. पण तुमची यातली कुठली, ते तुम्ही सांगा. मी नाही सांगू शकत."

मधली, असं मला वाटत होतं. पण वाटण्यावर जपान चालत नाही. पहिली आणि तिसरी यांच्या वयांत सात वर्षांचं अंतर, आणि कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर काय? पुन्हा अंदाज. बी.कॉम., बावीस वर्षांचा अनुभव, आणि मी त्याच तीन ओळी परत परत वाचत होते.

शुक्रीबाईंनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, तीन मुली आहेत, नाव नाही, तुझी कुठली ते कळत नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खालच्या इयत्तेतलं पोर आहे. म्हणाल्या, "माझं नाव काय?"

"शुक्री."

"मग वार बघ ना, पोरी."

आमच्यात मूल ज्या वारी जन्मेल त्या वाराचं नाव द्यायचे. सोमवारची सोमी, मंगळवारची मंगळी, शुक्रवारची शुक्री. माझ्या स्वतःच्या आजीचं नाव बुधी होतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि मी वही, अर्ज, भाषांतर यांच्या मागे लागलेली.

मी मोबाइलमधलं कॅलेंडर काढलं आणि मागे मागे सरकवत गेले. घाईत ते दोनदा पुढे निसटलं. पहिली मुलगी. वार सोमवार. मी शुक्रीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, सोमी ती. मधली मुलगी, तेरा डिसेंबर, एकोणीसशे अडुसष्ट. डिसेंबर म्हणजे झोडणीचे दिवस. मी सरकवत तिथपर्यंत आले आणि वर बघितलं.

शुक्रवार.

वसंतभाऊ खुर्चीवरून उठले. माझ्या फोनवर विश्वास नको म्हणून त्यांनी स्वतःच्या फोनवर पुन्हा काढलं, सरकारी माणूस तो. मग बाजूच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली, या, या, इकडे बघा जरा. तिसरीही काढा, म्हणाले. तिसरी मुलगी बुधवारी जन्मलेली निघाली. मी मोठ्याने बुधवार म्हटलं. सगळे शुक्रीबाईंकडे बघत होते.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बुधी. आमची धाकटी. गोवराने गेली ती, दोन वर्षांची होती. तिचं पण लिहिलंय?"

लिहिलंय, मी म्हटलं. कुठे ते दाखव, म्हणाल्या. मी ओळ दाखवली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ती ओळ बघितली, आणि मग त्या दिवशी पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसल्या.

माझ्या आईसाठी मी ती वही कधी उघडली नाही. ती होती तेव्हा मी तिच्या आधारची झेरॉक्स शंभर ठिकाणी लावली. तिची तारीख खरी आहे का असं एकदाही विचारलं नाही. आता विचारून कुणाला सांगू?

वसंतभाऊंनी तिन्ही नोंदींच्या नकला शिक्क्यासह दिल्या. मी दुकानात आले, शटर अर्धं ओढलं आणि पत्र लिहायला बसले. इंग्रजीत, दीड पान. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काही लिहिलेलं नाही. प्रतिज्ञापत्राची भाषा वापरली नाही. सरळ लिहिलं, की आमच्या भागात सरकारी कागदांवरच्या पुष्कळ तारखा अंदाजाने लिहिलेल्या आहेत. या कार्डावरची तारीख तशीच आहे, आणि ती न तपासता मी पाठवली ही माझी चूक आहे, रंजनाची नाही. सोबत एका जुन्या सरकारी वहीच्या प्रमाणित नकला आहेत. वहीत मुलींची नावं नाहीत. पण आमच्यात पूर्वी लेकराला जन्मवाराचं नाव द्यायचे. या तीन तारखांचे वार तुम्ही स्वतः काढून बघा. ते सोमवार, शुक्रवार आणि बुधवार आहेत. त्या तीन बहिणींची नावं सोमी, शुक्री आणि बुधी आहेत. दुसरी बहीण रंजनाची आई आहे. रंजनाच्या जन्माच्या वेळी ती सत्तावीस वर्षांची होती.

खाली सही केली आणि नावापुढे बी.कॉम. लिहिलं.

रंजनाने ते जपानीत करून घेतलं आणि ऑफिसात दिलं. त्या दिवशी ती म्हणाली, साइतो-साननी पत्र तिच्यासमोरच वाचलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग फोन काढला. तिघींचे वार काढले. मग रंजनाला चहा दिला. ते चांगलं का वाईट, असं रंजना मला विचारत होती. मी म्हटलं, चहा दिला म्हणजे चांगलंच. खरं म्हणजे मला काहीच माहीत नव्हतं.

पुढचे दिवस मी काय केलं ते विचारू नका. रोज नऊ वाजता फोनकडे बघायचं. एका गिऱ्हाइकाचा फॉर्म सोळा मी दुसऱ्याच्या फाइलमध्ये ठेवला. दिनेश दोनदा नुसता येऊन बसून गेला. एकदा म्हणाला, ताई, प्रतिज्ञापत्र केलं नाही ते बरं झालं. मी म्हटलं, आधी उत्तर तर येऊ दे.

उत्तर एका सकाळी आलं, आणि नऊच्या आधी, पावणेनऊला. रंजना सुट्टी व्हायच्या आधीच ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलत होती. मान्य झालं. दोन्ही वर्षं मान्य. फक्त कळवलं होतं की जन्मतारीख मूळ कागदावर दुरुस्त करून पुढच्या वेळी नवी प्रत जोडावी. व्हिसाच्या कागदांत यातलं काही लिहावं लागणार नव्हतं. ती हसत होती आणि मध्येच जपानीत कुणाला तरी काहीतरी सांगत होती. मग म्हणाली, साइतो-सान विचारतायत, तुमच्याकडे सगळ्यांची नावं वाराची असतात का? मी म्हटलं, सांग त्यांना, आता नाही. आता सगळ्या पोरींची नावं सिरियलमधली.

मी शटर ओढलं, बस पकडली आणि सरळ पाड्यावर गेले. हे फोनवर सांगायचं नव्हतं. शुक्रीबाई चुलीपुढे होत्या. मी सांगितलं, मावशी, जपानने मान्य केलं, तू रंजनाची आई आहेस.

त्यांनी लाकूड आत सारलं आणि म्हणाल्या, "आणि इतके दिवस कोण होते मी?"

आधारवरची तारीख दुरुस्त करायला आम्ही पुढच्या आठवड्यात तलासरीच्या केंद्रावर गेलो. मी, शुक्रीबाई आणि दिनेश. कागद माझ्या हातात होते. ऑपरेटर पंचविशीचा, चांगला पोरगा. त्याने स्क्रीनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. स्क्रीनवर एक्केचाळीस वर्षांची बाई होती, तरी त्याने न चुकता आजी म्हटलं. आजी, नवी जन्मतारीख सांगा. मी तोंड उघडणार तेवढ्यात शुक्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी पाठ करून ठेवलं होतं.

"तेरा डिसेंबर, एकोणीसशे अडुसष्ट," त्या म्हणाल्या. "शुक्रवार."

त्याने तारीख टाइप केली आणि थांबला. "आजी, वार नाही लागत."

"तुला नाही लागत, पोरा," शुक्रीबाई म्हणाल्या. "जपानला लागला."